हिवाळ्यातील चिनी हॉटपॉट: प्रकृती सांभाळून जेवण्याची रीत

चीनमध्ये थंडी पडू लागली की उकळत्या भांड्याभोवती बसून जेवण्याला खरा बहर येतो. बीजिंगमध्ये निखाऱ्यांवर तापणाऱ्या तांब्याच्या भांड्यात मेंढीच्या मटणाच्या कागदासारख्या पातळ चकत्या बुडवल्या जातात, चोंगछिंगमध्ये लाल तेलाच्या जाड तवंगाखाली वजडी शिजते, तर ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावरील शांतौमध्ये नितळ सुपात गोमांसाच्या ताज्या कापलेल्या पट्ट्या काही सेकंदांपुरत्या सोडल्या जातात. या सगळ्यांना आपण हॉटपॉट या एकाच नावाने ओळखतो आणि मग हॉटपॉट प्रकृतीला चांगले की वाईट असे विचारतो. या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही, कारण एकाच टेबलावर शेजारी बसलेल्या दोन माणसांचे जेवण पोषणाच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळे ठरू शकते. भांड्यात कोणता रस्सा आहे, त्यात काय आणि किती वेळ शिजवले, वाटीत कोणता सॉस घेतला आणि घास किती गरम असताना तोंडात घातला, या चार गोष्टींवर सारे अवलंबून असते, आणि या चारही गोष्टी जेवणाऱ्याच्या हातात असतात.

पहिला निर्णय रश्शाचा

माझ्या मते हॉटपॉटमधील सर्वांत महत्त्वाचा निर्णय अन्न समोर येण्यापूर्वीच, म्हणजे रस्सा निवडतानाच होतो. सिचुआन आणि चोंगछिंगच्या पारंपरिक लाल रश्शाचा आधार गोवंशाची चरबी हा असतो. तीत सुक्या मिरच्या, बाकल्याच्या (ब्रॉड बीन) आंबवलेल्या दाण्यांचा मिरचीयुक्त ठेचा आणि आपल्याकडील तिरफळाच्या कुळातील सिचुआन मिरी परतलेली असते. या चरबीतील सुमारे निम्मा भाग संपृक्त मेदाम्लांचा असतो आणि ती तवंगाच्या रूपाने वर तरंगत असल्यामुळे भांड्यातून बाहेर काढलेला प्रत्येक तुकडा तिच्यातूनच वर येतो. पालेभाज्या, तळलेले टोफू आणि गोठवून जाळीदार केलेले टोफू हे पदार्थ तेल शोषून घेण्यात सर्वांत पुढे असतात. त्यामुळे ‘मी तर फक्त भाजीच खाल्ली’ असे म्हणणाऱ्याच्या पोटातही लाल रश्शातून भरपूर चरबी गेलेली असते. मटणाच्या चकतीला तेल वरवर चिकटते, पालकाच्या पानांच्या घड्यांमध्ये मात्र ते साठून राहते.

याचा अर्थ लाल रस्सा वर्ज्य करावा असा नाही. दोन कप्प्यांचे भांडे चीनमध्ये जवळपास सर्वत्र मिळते, आणि एका बाजूला तिखट व दुसऱ्या बाजूला साधा रस्सा घेणे हा सर्वांत सोपा तोडगा आहे. तिखट बाजूला कंद, कमळकाकडीच्या चकत्या आणि मांसाचे मोजके तुकडे शिजवावेत. पालेभाज्या, अळंबी आणि टोफू साध्या बाजूला ठेवावेत. लाल रश्शातून काढलेला घास गरम पाण्याच्या किंवा साध्या सुपाच्या वाटीत एकदा हलवून मग खाल्ला, तर चव टिकते आणि तवंगाचा मोठा भाग वाटीतच राहतो. चोंगछिंगच्या नऊ चौकटींच्या भांड्यात मधल्या चौकटीला उकळी सर्वांत जोरदार असते आणि कोपऱ्यांतील चौकटी सर्वांत संथ असतात. तेथे झटपट शिजणारे पदार्थ मध्ये आणि सावकाश मुरणारे कोपऱ्यात सोडण्याची पद्धत आहे. मात्र त्या चौकटी खालून एकमेकींना जोडलेल्या असतात. एका चौकटीतील कच्च्या मांसाचा रस दुसरीत जातोच, म्हणून चौकट वेगळी असली तरी रस्सा सर्वांचा एकच समजावा.

ज्यांना हलके जेवायचे आहे त्यांच्यासाठी चीनमध्येच उत्तम पर्याय आहेत. बीजिंगच्या तांब्याच्या भांड्यात बहुतेक वेळा आले, कांद्याची पात आणि थोड्या सुक्या मसाल्यांखेरीज केवळ पाणी असते. १९०३ मध्ये सुरू झालेल्या दोंगलाइशुनसारख्या जुन्या उपाहारगृहांची ख्याती रश्शावर नव्हे, तर मटणाच्या प्रतीवर आणि ते कापण्याच्या कौशल्यावर उभी राहिली आहे. शांतौ ज्यात येते त्या छाओशान भागातील गोमांसाचे सूप नितळ असते. ग्वांगदोंगमधील शुंदे येथे तांदळाच्या गाळलेल्या पातळ पेजेत मासे शिजवतात. हाइनान पद्धतीत नारळपाण्यात कोंबडी शिजते, तर ग्वेइचौ प्रांतातील आंबट रश्शाला चव चरबीने नव्हे तर आंबवण्यामुळे येते. थंडीत पोटाला ऊब हवी आणि दुसऱ्या दिवशी जडपणा नको असेल, तर मी पेजेचा किंवा नितळ सुपाचा आग्रह धरेन.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. टोमॅटोचा किंवा अळंबीचा रस्सा दिसायला शाकाहारी असला, तरी पुष्कळदा त्याचा पाया कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांच्या सुपाचा असतो. तो पाण्यात केला आहे की हाडांच्या सुपात, हे मागवण्यापूर्वीच विचारावे. काही ठिकाणी लाल रस्सा वनस्पती तेलातही मिळतो, तोही वेगळा सांगून मागवावा लागतो.

वाटीतील सॉस

रश्शाबाबत दक्ष असणारी माणसेही सॉसच्या टेबलापाशी सैल होतात. चीनच्या २०२२ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ आणि २५ ते ३० ग्रॅमपेक्षा जास्त तेल खाऊ नये. नेहमीच्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे दिवसभराच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा वाटा एका चमच्यातच संपतो. उत्तरेकडील सॉसमध्ये वाटलेल्या तिळांसोबत आंबवलेले टोफू आणि रानलसणीच्या फुलांचे खारवलेले वाटण असते, आणि ही दोन्ही अतिशय खारट असतात. सिचुआनमधील तिळाच्या तेलाची आणि लसणाची वाटी तिखटाची धार कमी करते, परंतु लाल तवंगातून निघालेला घास पुन्हा तेलात बुडवणे म्हणजे तेलावर तेल होय.

वाटी अशी भरावी की चव ताज्या पदार्थांतून यावी. चिरलेला लसूण, कोथिंबीर, कांद्याची पात, ताजी मिरची आणि धान्यापासून केलेला काळा व्हिनेगर ही भर सढळ हाताने घ्यावी. सोया सॉस चमचाभराऐवजी काही थेंब पुरतो, आणि तिळाची पेस्ट हवी असल्यास ती साध्या सुपात सैल करून घ्यावी. वाटी संपली म्हणून ती पुन्हा काठोकाठ भरण्याची गरज नसते, कारण उत्तरार्धात पदार्थांना रश्शाचेच मीठ पुरेसे लागलेले असते.

क्रम आणि प्रमाण

हॉटपॉटचे जेवण दोन-दोन तास चालते, आणि ताट एकदम वाढलेले नसल्यामुळे आपण किती खाल्ले याचा अंदाज राहत नाही. म्हणून मागवतानाच हिशेब करावा. वर उल्लेखिलेली मार्गदर्शिका मांस, मासे आणि अंडी मिळून दिवसाला सरासरी १२० ते २०० ग्रॅम आणि भाज्या किमान ३०० ग्रॅम सुचवते. हॉटपॉटच्या टेबलावर हे प्रमाण नेमके उलटे होते. मांसाच्या प्रत्येक बशीमागे भाज्यांच्या दोन बश्या मागवाव्यात, असा साधा नियम मी पाळते. चायनीज कोबी, शेवंतीच्या कुळातील सुगंधी पालेभाजी, वाटाण्याचे कोवळे शेंडे, पांढरा मुळा, कोहळा आणि वेगवेगळ्या अळंब्या यांची निवड तेथे खरोखर समृद्ध असते. बटाटा, रताळे, कमळकाकडी आणि शेवया यांची गणना मात्र भाजीत न करता भाताच्या जागी करावी. खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या कांड्या, सॉसेज आणि डबाबंद मांस यांतील मीठ पाहता ती न मागवणेच बरे. त्यांची चव ताज्या माशाच्या जवळपासही जात नाही.

साधे सूप प्यायचे असेल तर ते अगदी सुरुवातीला, भांड्यात मांस पडण्यापूर्वी प्यावे. छाओशानमध्ये जेवणाची सुरुवात अशा वाटीभर सुपाने करण्याची रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. नंतर प्रथम काही भाज्या, मग मांस आणि मासे, आणि अखेरीस पुन्हा भाज्या असा क्रम ठेवल्यास भुकेचा पहिला जोर मांसावर निघत नाही. तासाभराने तेच सूप वेगळे होते, कारण पाणी आटते आणि त्यात मीठ, चरबी व मांसातून उतरलेली प्यूरिन द्रव्ये साठत जातात. शरीरात प्यूरिनचे रूपांतर युरिक आम्लात होते. ज्यांना संधिवाताचा गाउट हा प्रकार आहे किंवा ज्यांचे युरिक आम्ल वाढलेले आहे, त्यांनी शेवटचे सूप अजिबात पिऊ नये आणि कालवे, कोळंबी, यकृत व बिअर यांचा मेळ एकाच जेवणात घालू नये. अनेकांना सांधेदुखीचा झटका अशाच रात्रीनंतर येतो.

शिजवण्यातील काटेकोरपणा

हॉटपॉटमध्ये स्वयंपाकी आपणच असतो, त्यामुळे अन्न पुरते शिजल्याची जबाबदारीही आपलीच असते. रश्शाला खळखळून उकळी आल्याशिवाय मांस सोडू नये, आणि सोडताना थोडे थोडे सोडावे, कारण गोठवलेल्या मांसाची अख्खी बशी एकदम ओतली तर तापमान झपाट्याने उतरते. पातळ चकत्यांचा लालसरपणा पूर्ण जाईपर्यंत त्या उकळीत ठेवाव्यात. कोंबडीचे हाडांसकट तुकडे १० ते १५ मिनिटे शिजवावेत. माशांचे आणि मांसाचे गोळे वर तरंगू लागले म्हणजे शिजले असे नव्हे. त्यानंतरही ते काही मिनिटे उकळू द्यावेत आणि एक गोळा मधोमध कापून पाहावा. कालवे, गोड्या पाण्यातील मासे आणि खेकडे यांच्या बाबतीत तर घाई करूच नये, कारण गोड्या पाण्यातील अर्धकच्च्या माशांतून यकृतातील चपट्या कृमींची लागण होते आणि दक्षिण चीनमध्ये हा आजही खराखुरा आरोग्यप्रश्न आहे.

वजडीची पातळ पाने ‘सात वेळा वर, आठ वेळा खाली’ अशी सुमारे १५ सेकंद बुडवण्याची चोंगछिंगची प्रसिद्ध रीत आहे. निरोगी प्रौढाने, स्वच्छ व विश्वासू ठिकाणी आणि जोरदार उकळीत ती पाळण्यास हरकत नाही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी मात्र हा कुरकुरीतपणा सोडून द्यावा आणि तोच पदार्थ अधिक वेळ शिजवावा.

कच्च्या अन्नासाठी एक चिमटा किंवा चॉपस्टिक्सची जोडी आणि खाण्यासाठी दुसरी, हा नियम प्रत्येकाने पाळलाच पाहिजे. रश्शात बुडवलेल्या चॉपस्टिक्स आपोआप निर्जंतुक होतात असा समज असतो, परंतु क्षणभर बुडवल्याने तसे होत नाही. कच्च्या कोंबडीच्या बशीला लागलेले टोक थेट तोंडात गेले, तर रस्सा कितीही उकळत असला तरी उपयोग नाही. सर्वांसाठी वाढण्याच्या वेगळ्या चॉपस्टिक्स ठेवण्याची पद्धत चीनमध्ये २०२० नंतर अधिक रुजली. त्या टेबलावर नसतील तर संकोच न करता मागाव्यात.

उकळण्याने सर्वच विषे नष्ट होत नाहीत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कानाच्या आकाराची काळी अळंबी हॉटपॉटमध्ये आवडीने खाल्ली जाते. ती सुकी आणून भिजवावी लागते, आणि खोलीच्या तापमानाला फार वेळ, विशेषतः एक-दोन दिवस, भिजत राहिली तर तिच्यात एका जिवाणूमुळे बोंगक्रेकिक आम्ल हे विष तयार होऊ शकते. हे विष उकळूनही टिकते आणि त्यावर कोणताही उतारा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हैलोंगच्यांग प्रांतात मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या शेवया खाऊन एकाच मेजवानीतील नऊ जण याच विषाने दगावले. म्हणून सुकी अळंबी जेवणापूर्वी काही तासच, शक्यतो फ्रिजमध्ये भिजवावी, त्याच दिवशी वापरावी आणि चिकट किंवा वास येणारी फेकून द्यावी. तांदळाच्या ओल्या शेवयांनाही हाच नियम लागू आहे. युन्नानमधील रानअळंब्यांच्या हॉटपॉटबाबत खुनमिंगची उपाहारगृहे टेबलावर वेळमापक ठेवतात आणि ठरलेली वेळ पूर्ण होईपर्यंत चॉपस्टिक्सही देत नाहीत. त्या वेळेआधी रश्शाचा थेंबही चाखू नये.

घास निववून खावा

थंडीत वाफाळता घास पटकन तोंडात घालण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून वर्गीकृत केली, आणि जगातील अशा कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे चीनमध्ये आहेत. ते वर्गीकरण पेयांपुरते असले, तरी उकळत्या भांड्यातून थेट आलेला घास त्या मर्यादेच्या बराच वर असतो आणि त्याने तोंडाचे व अन्ननलिकेचे आतील अस्तर भाजते, हे उघड आहे. तेलाच्या तवंगाखालील रस्सा वाफ कमी दाखवतो आणि उष्णता अधिक काळ धरून ठेवतो, म्हणून तो निवल्यासारखा भासला तरी निवलेला नसतो. घास आधी रिकाम्या वाटीत काढावा. टोफू, सारण भरलेले माशांचे गोळे आणि टोमॅटो आतून फार वेळ धगधगत राहतात, तेव्हा ते फोडून ठेवावेत.

जेवणानंतर तोंड येणे आणि घसा धरणे याला चीनमध्ये अंगात उष्णता चढणे मानतात आणि त्यावर गोड थंड पेये घेतली जातात. त्यामागे भाजणे, मीठ आणि कमी पाणी ही कारणे बऱ्याच अंशी असतात, तेव्हा बिनसाखरेचा शेवंतीचा चहा किंवा साधे कोमट पाणी अधिक उपयोगी पडते. धुरावलेल्या आलुबुखाराचे आंबटगोड पेय रुचकर असते, पण त्यात साखर भरपूर असते. तिखटाची आग शमवण्यासाठी दूध किंवा बिनसाखरेचे सोया दूध पाण्यापेक्षा सरस ठरते. सेफालोस्पोरिन गटातील काही प्रतिजैविके, तसेच मेट्रोनिडाझोल, चालू असताना मद्य घेतल्यास गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून अशी औषधे चालू असलेल्याने टेबलावरचा पेला नम्रपणे नाकारावा. जठराचा व्रण किंवा आम्लपित्त असलेल्यांनी तिखट रस्सा टाळावा आणि जेवणानंतर निदान दोन-तीन तास आडवे होऊ नये.

ऊब आणि थंडीचा आजार

तिखट खाल्ल्यावर घाम येतो आणि सर्दी निघून जाईल असे वाटते. मिरचीतील कॅप्सायसिन उष्णता जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो आणि शरीर प्रत्यक्षात उष्णता बाहेर टाकू लागते. मद्यानेही त्वचा गरम वाटते आणि उष्णता मात्र निघून जाते. त्यामुळे घामाने ओले कपडे घेऊन शून्याखालील रस्त्यावर उघड्या कोटाने निघणे धोक्याचे आहे, विशेषतः हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी, कारण जड जेवणानंतर हृदयावर आधीच ताण असतो. निघण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे बसून घाम पुसावा, मगच टोपी व मफलर घालून बाहेर पडावे.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात आणि हॉटपॉट त्यांना रोखत नाही. उलट बंद, गच्च भरलेली खोली आणि तासन्‌तास चालणाऱ्या गप्पा हे त्यांच्या प्रसारास अनुकूल वातावरण आहे. २०२० च्या आरंभी हाँगकाँगमध्ये एका मोठ्या कुटुंबातील सुमारे दहा जणांना एकत्र घेतलेल्या हॉटपॉट-भोजनानंतर कोविडची लागण झाल्याचे आढळले होते. खिडकी थोडी उघडी ठेवावी, ताप-खोकला असलेल्याने त्या दिवशी येऊ नये आणि फ्लूची लस शक्यतो ऑक्टोबरअखेरपर्यंत घ्यावी. उत्तर चीनमध्ये, बीजिंगचे उदाहरण घ्यायचे तर १५ नोव्हेंबर ते १५ मार्च, घरे केंद्रीय व्यवस्थेने तापवली जातात आणि हवा अतिशय कोरडी होते. अशा दिवसांत खारट जेवणानंतर रात्री व सकाळी पाणी पिण्याकडे लक्ष द्यावे.

खिडकीचे महत्त्व घरी कोळशावर भांडे मांडणाऱ्यांसाठी तर जीवनमरणाचे आहे. जळत्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. टेबलावरील एकाहून अधिक जणांचे डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर ते मद्यामुळे किंवा तिखटामुळे असेल असे मानून बसू नये. सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि चीनमध्ये १२० या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरात विजेची शेगडीच सर्वांत सुरक्षित असते. गॅसच्या छोट्या डब्यावर चालणाऱ्या शेगडीवर तिच्या आकाराहून मोठे, डब्यावर पसरणारे भांडे ठेवू नये आणि अशा दोन शेगड्या चिकटवून मांडू नयेत, कारण परावर्तित उष्णतेने डबा तापून फुटू शकतो.

घरी उरलेले कच्चे मांस टेबलावर दोन तासांहून अधिक काळ राहिले असेल तर ते टाकून द्यावे. साधा रस्सा उरला असल्यास तो गाळून, दोन तासांच्या आत उथळ भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळपर्यंत चरबीचा थर वर गोठलेला असतो. तो चमच्याने काढून टाकावा, उरलेला रस्सा पुन्हा खळखळून उकळावा आणि मीठ न घालता त्यात कोबी व टोफू शिजवून त्याच दिवशी संपवावा. लाल रस्सा मात्र ठेवू नये.